चवथीपासून शिगम्यापर्यंत: गूगल क्लाउडच्या लोड बॅलन्सरमधल्या हेल्थ चेकचा अनुभव

आमचं काम फोंडा तालुक्यातल्या काही देवस्थानांसाठी अग्रशाळेतल्या (देवळाच्या धर्मशाळेतल्या) खोल्या, अभिषेक आणि महाप्रसाद यांचं ऑनलाइन आरक्षण सांभाळण्याचं. कार्यालय फोंड्याला, मशिनं मात्र गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. पुढे आलेल्या विनंत्या मशिनांमध्ये वाटून देणारा ग्लोबल एक्स्टर्नल ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आणि मागे व्हर्च्युअल मशिनांचा मॅनेज्ड इन्स्टन्स ग्रुप (एकाच साच्यातून आपोआप उभी राहणारी मशिनं), अशी मांडणी एका बाहेरच्या एजन्सीने करून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ताब्यात दिली. तेव्हापासून चवथ, दिवाळी, माघातल्या जत्रा आणि आता शिगमो, असा सगळा मोसम आम्ही त्यावर काढला. साइट जेव्हा जेव्हा बसली, तेव्हा पहिली खूण बहुतेक वेळा हेल्थ चेकमध्येच, म्हणजे मशिन नीट उत्तर देतंय का हे ठरावीक अंतराने विचारणाऱ्या तपासणीतच, सापडली, म्हणून फक्त त्याच भागावर सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही तपासणी भरवशाची आहे. ती ‘अनहेल्दी’ म्हणाली की बहुतेकांचा हात आधी सेटिंगकडे जातो: टाइमआउट वाढवा, मर्यादा सैल करा, चेकच बदला. तसं करू नये. ती मशिनला नेमकं काय विचारते आहे ते बघावं, आणि तोच प्रश्न आपण स्वतः विचारून पाहावा.

पहिला दणका ताबा घेतल्यावर लगेचच बसला. एका अग्रशाळेच्या व्यवस्थापक काकांचा सकाळीच फोन आला, “बाय, साइट उघडत नाही गो. पांढऱ्या पानावर कसलीतरी एरर, एवढंच दिसतं.” कन्सोलमध्ये सगळी मशिनं अनहेल्दी. एसएसएचने (दुरून मशिनमध्ये शिरायच्या वाटेने) आत जाऊन तिथूनच कर्ल मारलं, म्हणजे कमांडने पान मागवलं, तर उत्तर २०० (‘सगळं ठीक’), तेही क्षणात. म्हणजे ॲप ठणठणीत होतं आणि लोड बॅलन्सरच्या लेखी एकही मशिन जिवंत नव्हतं.

अशा वेळी मी आता सगळ्यात आधी वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडते. गूगलची तपासणी येते तेव्हा तिच्या ओळीत यूजर एजंट (विचारणाऱ्याची ओळख) म्हणून ‘गूगलएचसी/१.०’ असं नाव असतं. चालू मशिनवर या ओळी अखंड पडत असतात. तपासणारे एकाहून जास्त असल्याने आपण ठरवलेल्या अंतरापेक्षा त्या बऱ्याच दाट दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या दिवशी लॉगमध्ये अशी एकही ओळ नव्हती. तपासणी मशिनपर्यंत पोचतच नव्हती.

या एका पाहणीने अर्धं काम होतं. ओळी येतच नसतील तर दोष वाटेत: फायरवॉल, पोर्ट, किंवा ॲप चुकीच्या पत्त्यावर ऐकत असणं. ओळी येत असतील आणि तरी मशिन अनहेल्दी असेल तर दोष उत्तरात. मग दुसऱ्या अर्ध्याकडे बघायचीसुद्धा गरज नसते.

आमचा दोष वाटेत होता. गूगलच्या व्हीपीसीमध्ये (तिथल्या आपल्या खासगी नेटवर्कमध्ये) बाहेरून आत येणारी रहदारी मुळातच बंद असते, हवी ती आपण नियम लिहून उघडायची. या प्रकारच्या लोड बॅलन्सरच्या तपासण्या ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ या आयपी पत्त्यांच्या दोन पट्ट्यांमधून येतात, आणि खऱ्या भाविकांच्या विनंत्याही त्याच पट्ट्यांमधून मशिनपर्यंत पोचतात, कारण मधला प्रॉक्सी गूगलचा असतो. नियम होता, दोन्ही पट्ट्या त्यात बरोबर होत्या. पण तो लागू होत होता नेटवर्क टॅगवर, म्हणजे मशिनला लावलेल्या खुणेच्या नावावर, आणि इन्स्टन्स टेम्प्लेटच्या (नवी मशिनं ज्यावरून बनतात त्या साच्याच्या) नव्या आवृत्तीत एजन्सीकडून तो टॅग राहून गेला होता. जुनी मशिनं होती तोवर सगळं सुरळीत चाललं. रात्री ग्रुपने मशिनं बदलली आणि नव्या मशिनांना तो नियम लागलाच नाही. टॅग घालून टेम्प्लेट पुन्हा फिरवलं, थोड्याच वेळात सगळं हिरवं झालं. तेव्हापासून आमच्याकडे हा नियम टॅगवर नाही, सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे ॲप ज्या ओळखीने चालतं त्या खात्यावर आहे. टॅग विसरता येतो, सर्व्हिस अकाउंटशिवाय आमचं ॲप सुरूच होत नाही.

हेल्थ चेकचा स्वतःचा लॉग असतो, तो मुळात बंद असतो. तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, हा या अख्ख्या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला. त्यात प्रत्येक तपासणीची नोंद होत नाही, स्थिती बदलली तेव्हाचीच होते, त्यामुळे पसारा वाढत नाही. त्यातही सविस्तर स्थितीचा रकाना बघावा. तिथे ‘टाइमआउट’ असेल तर वेळेत उत्तरच मिळालं नाही. ‘अनहेल्दी’ असेल तर मशिन पोचण्याजोगं आहे, पण तपासणी पास झाली नाही. कन्सोलमध्ये दोन्हींचा रंग एकच, लॉगमध्ये फरक स्पष्ट.

उत्तर चुकण्याचे प्रकार आम्ही हळूहळू सगळेच पाहिले. एचटीटीपीच्या तपासणीला २०० आणि फक्त २०० चालतं. ३०१, ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी उत्तरं) सुद्धा नापास. आमच्या एका नव्या सेवेत जॅंगोने (ती ज्यावर बांधली आहे त्या वेब फ्रेमवर्कने) प्रत्येक साध्या विनंतीला एचटीटीपीएसकडे वळवायचं असं ठरलेलं होतं, म्हणून ब्राउझरमध्ये सगळं छान आणि तपासणीला मात्र दर वेळी ३०१. तपासणीचा पत्ता ‘सिक्युअर रिडायरेक्ट एक्झेम्प्ट’मध्ये घातल्यावर ते थांबलं. लगेच त्याच जागी ४०० (‘विनंती चुकीची’) यायला लागलं! कारण हेल्थ चेकमध्ये होस्टची जागा रिकामी सोडली तर तपासणी आपलं डोमेन सांगत नाही, आयपी पत्ता सांगते, आणि जॅंगो ‘अलाउड होस्ट्स’मध्ये नसलेल्या नावाला दारातूनच परत पाठवतो. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून त्या यादीत सरळ तारांकन टाकलेलं दिसतं. ते धोक्याचं आहे, ती यादी खोट्या होस्ट हेडरपासून वाचवण्यासाठीच असते. हेल्थ चेकच्या होस्टच्या रकान्यात आपलं डोमेन लिहा, बास.

आणखी एक, जे नवशिक्या टीममध्ये हमखास सापडतं: ॲप १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्ट या फक्त मशिनच्या आतूनच पोचता येणाऱ्या पत्त्यावर, ऐकत असतं. आतून कर्ल मारला की २००, बाहेरून काहीच नाही. एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट काढून पाहिले की पत्त्याच्या जागी ते उघड दिसतं. म्हणून आतून कर्ल मारायचा तर लोकलहोस्टला न मारता मशिनच्या अंतर्गत आयपीला मारावा, आणि होस्ट हेडर, पोर्ट, पत्ता हे तिन्ही तपासणीत आहेत तसेच द्यावेत. यातलं एक जरी वेगळं असलं तरी आपण वेगळाच प्रश्न विचारलेला असतो आणि मिळालेल्या २०० ला काही अर्थ राहत नाही.

चवथीचा अनुभव मात्र वेगळ्याच जातीचा, आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. चवथीला मुंबई-पुण्याची कुळावी मंडळी गावी येतात, घरचा गणपती झाला की कुळदेवतेच्या दर्शनाला जातात, आणि खोल्यांची मागणी आधीच्या दोन-चार दिवसांत एकदम चढते. डेटाबेस मंदावला. तेवढ्याने साइट संथ झाली असती, बंद पडली नसती. पण आम्हाला मिळालेल्या मांडणीत तपासणीचं पान डेटाबेसला आरक्षणांची मोजणी विचारून मग २०० देत होतं. हेल्थ चेक मूळ सेटिंगवर होता: दर ५ सेकंदांनी तपासणी, ५ सेकंदांचा टाइमआउट, लागोपाठ दोनदा नापास झालं की मशिन बाहेर. डेटाबेस एकच, त्यामुळे सगळी मशिनं एकाच वेळी नापास. साधारण दहा सेकंदांत पैसे भरत असलेल्या माणसांसमोर पाचशेच्या घरातलं पान. लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये कारण एकच पुन्हा पुन्हा: ‘फेल्ड टू पिक बॅकएंड’, म्हणजे विनंती द्यायला मशिनच निवडता आलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. हाच हेल्थ चेक ऑटोहीलिंगलाही जोडलेला होता. लोड बॅलन्सर नापास मशिनकडे फक्त रहदारी पाठवायची थांबतो, ऑटोहीलिंग मशिनच पाडून नवं उभं करतं. म्हणजे डेटाबेसचा ताण उतरेपर्यंत धडधाकट मशिनं एकामागून एक पाडली जात होती, आणि नवी उठताना त्याच डेटाबेसवर नव्याने जोडण्या उघडत होती. आम्ही आधी ऑटोहीलिंग काढलं, मग तपासणीचा पत्ता एका साध्या पानाकडे वळवला. साइट सावकाश का होईना, चालायला लागली.

आता आमच्याकडे दोन वेगळे हेल्थ चेक आहेत, आणि गूगलचीही शिफारस तीच आहे. लोड बॅलन्सरचा चेक चपळ: ॲपची प्रक्रिया जिवंत आहे आणि विनंती घेऊ शकते, एवढंच विचारतो. ऑटोहीलिंगचा चेक बराच सोशिक: नापास ठरवायची मर्यादा जास्त, आणि मशिन उठायला लागणाऱ्या वेळेला पुरून उरेल एवढा सुरुवातीचा विलंब. डेटाबेसवर नजर ठेवायला वेगळा अलर्ट आहे, तो माणसाला उठवतो, मशिनं पाडत नाही.

यावर आमच्याच टीममध्ये वाद झाला, आणि तो खरा वाद आहे. तपासणी इतकी उथळ ठेवली तर ज्या एका मशिनची डेटाबेसशी जोडणी तुटली, ते हिरवं राहून भाविकांना चुका वाढत बसेल. हे होतं, आमच्याकडे झालंही. म्हणून ज्या दोषाची व्याप्ती त्या एका मशिनपुरती आहे, उदाहरणार्थ त्याचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) अडकणं, तोच त्या पानावर ५०३ देऊ शकतो. सगळ्यांचा सामायिक दोष तिथे कधीच येऊ द्यायचा नाही, कारण सगळ्यांना बाहेर काढून काहीच साधत नाही.

दुसऱ्या क्लाउडवरून येणाऱ्यांसाठी थोडं. एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये मूळ अंतर ३० सेकंदांचं असतं, आणि एखाद्या टार्गेट ग्रुपमधली सगळीच मशिनं नापास झाली तर तो सगळ्यांकडे रहदारी पाठवत राहतो. चवथीच्या रात्री हा स्वभाव आम्हाला उपयोगी पडला असता. गूगलच्या या लोड बॅलन्सरकडून ती अपेक्षा ठेवू नये. त्यांच्या पासथ्रू (मध्ये प्रॉक्सी न ठेवता रहदारी थेट मशिनकडे सोडणाऱ्या) नेटवर्क लोड बॅलन्सरमध्ये तशी शेवटची वाट आहे, ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये नाही. ॲझ्युअरमध्ये लोड बॅलन्सरची तपासणी १६८.६३.१२९.१६ या एकाच पत्त्यावरून येते, तो अडवला की सगळं लाल.

एकूण पाचपैकी चार तारे. चौथा त्या लॉगसाठी. पाचवा राखून ठेवला आहे, कारण पूर्ण साखळी समजून घ्यायला फायरवॉल, इन्स्टन्स ग्रुप, बॅकएंड सर्व्हिस आणि लॉग अशा चार पानांवर फिरावं लागतं, आणि छोट्या टीमला ते जड जातं.

सध्या आम्ही पावत्यांची सेवा अंतर्गत ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमागे नेत आहोत, आणि तिथे खूण उलटी दिसते: हेल्थ चेक हिरवा, पण विनंत्या अडकलेल्या. कारण तिथे तपासण्या वरच्याच दोन पट्ट्यांमधून येतात, पण खरी रहदारी येते आपणच राखून दिलेल्या प्रॉक्सी-ओन्ली सबनेटमधून (फक्त लोड बॅलन्सरच्या प्रॉक्सींसाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यातून), आणि त्या सबनेटसाठी फायरवॉलचा वेगळा नियम लागतो. तो नियम लिहून झाला आहे. लैराईच्या जत्रेआधी ही सेवा चालू करायचा विचार आहे.