देवगडच्या पाण्यात एक हंगाम: बोटीच्या तळाला दिलेल्या अँटीफाउलिंग रंगाचा अनुभव

बोट माझी आणि मावसभावाची, निम्मी-निम्मी. तो देवगडला राहतो, मी नागपूरला. वीस फुटी, फायबरग्लासची, शिडाची, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती देवगडच्या खाडीत मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, असते, पावसाळ्यात पाण्याबाहेर. गेल्या वर्षी मेमध्ये ट्रेलरवर चढवून ती नागपूरला आणली, हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये तळ पार सोलून काढला आणि अँटीफाउलिंग रंगानं, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगानं, नव्यानं रंगवला. त्या रंगानं आता अख्खा हंगाम काढलाय. निकाल आधीच सांगतो: आपल्या किनाऱ्यावर, वर्षातले तीन-चार महिने बोट बाहेर काढावी लागत असेल, तर सेल्फ-पॉलिशिंग कोपॉलिमर, म्हणजे पाण्यात आपोआप झिजत जाणारा रंग, घ्या. न झिजणाऱ्या हार्ड रंगाच्या वाटेला जाऊ नका.

कारण असं. दोन्ही रंगांत मारणारं औषध बहुधा एकच असतं, तांब्याचा क्युप्रस ऑक्साइड. फरक तो बाहेर कसा पडतो यात आहे. हार्ड रंगाचा थर जागेवर राहतो आणि त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात झिरपतं. अशी बोट महिनोनमहिने बाहेर वाळत पडली की पृष्ठभागावरचं तांबं निष्प्रभ होतं, आणि पुढच्या हंगामात तळ घासून नवा हात दिल्याशिवाय रंग नीट काम करत नाही. शिवाय दरवर्षी थरावर थर चढत जातो, तो एक दिवस सोलावाच लागतो. कोपॉलिमर साबणाच्या वडीसारखा झिजतो. खालून सतत ताजा थर वर येतो. बोट बाहेर काढा, धुवा, पुन्हा पाण्यात सोडा, चालतं. आमची बोट तर रंगवल्यावर लगेच पाण्यात जाणारच नव्हती. नागपूर, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर, मग फोंडा घाट, आणि खाली उतरल्यावर भरतीची वाट. हार्ड रंगाच्या डब्यावर किती वेळात बोट पाण्यात गेलीच पाहिजे याची मुदत असते. ती आमच्या प्रवासाला परवडणारी नव्हती.

आता लोक म्हणतील, झिजणारा रंग म्हणजे सतत चालणाऱ्या बोटीसाठी, तुमची तर आठवडेच्या आठवडे उभी असते. शंका रास्त आहे. पण खाडीत भरती-ओहोटीचं पाणी रोज चार वेळा दिशा बदलून तळाखालून वाहतं, आणि चांगल्या कोपॉलिमरला तेवढं पुरतं. बंद गोदीत साचलेल्या पाण्यात उभी राहणारी बोट असती तर मी एवढ्या खात्रीनं लिहिलं नसतं. डब्यामागचा मजकूर मात्र वाचाच. काही कोपॉलिमर फक्त खऱ्या खाऱ्या पाण्यासाठी असतात, गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात ते चालत नाहीत. खाडीत आत, नदीच्या बाजूला बोट ठेवणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

नागपूरला रंगवण्याचा मोठा फायदा म्हणजे इथला उन्हाळा. फायबरग्लास वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की ओलावा पितं आणि पुढे तळाला फोड येतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओलावा निघता निघत नाही. इथे मे महिन्यात तळ उघडा करून ठेवला आणि आठवड्यागणिक ओलावा उतरत गेला. रंगवायचं काम मात्र पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतलं, तेही सकाळी. तापलेल्या तळावर रोलर फिरवला तर थिनर उडून जातं आणि रंग ओढला जात नाही.

रंग नागपूरच्या इतवारी बाजारात मिळाला नाही, मुंबईहून ट्रान्सपोर्टनं मागवला. साध्या इनॅमलपेक्षा कितीतरी महाग, म्हणून हिशेब करूनच घ्या: पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले (रुंदी अधिक बुडी, म्हणजे बोट पाण्यात बुडते ती खोली). आमचं साडेपाच मीटर गुणिले दोन पूर्णांक आठ, म्हणजे साधारण पंधरा चौरस मीटर. लिटरला आठ-दहा चौरस मीटर धरले तर दोन हातांना चारेक लिटर, वर काठासाठी थोडा. डबा उघडल्यावर तांबं तळाशी घट्ट बसलेलं असतं. पेंटर पोरगा थकून म्हणाला, "भाऊ, अजून किती ढवळू? हात भरून आले ना." मी म्हटलं, तळ खरवडला जाईपर्यंत. वरचा पातळ रंग लावून तळाचं तांबं डब्यातच ठेवलं तर सगळे पैसे पाण्यात.

आधी इपॉक्सी प्रायमर, मग पहिला हात लाल, दुसरा निळा. हे दोन रंग मुद्दाम. निळ्यातून लाल दिसू लागला की वरचा थर संपला, नवा हात द्यायची वेळ झाली. पाण्याची रेषा, सुकाणू आणि नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, धार इथे तिसरा हात, कारण झीज तिथेच जास्त. बोटीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे झिंकचे अॅनोड रंगवले नाहीत, ते रंगवले की निकामी होतात. आउटबोर्डचा पाय अॅल्युमिनियमचा. त्याला हा रंग अजिबात लावायचा नाही, तांब्यामुळे अॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याच्यासाठी क्युप्रस ऑक्साइड नसलेला वेगळा डबा घेतला.

आता हंगाम. डिसेंबरपर्यंत तळ हाताला गुळगुळीत. जानेवारीत बुळबुळीत शेवाळी थर आला, तो मऊ फडक्यानं निघाला. तांब्याला न जुमानणारे सूक्ष्म जीव त्यात असतात, म्हणून शेवाळाची जास्त चिंता असेल तर तांब्यासोबत झिंक पायरिथिऑन असलेला रंग पाहा. फडकंच वापरा, ताठ ब्रशनं औषधाचा थरच निघून जातो. मार्चनंतर पाणी तापलं तशी काठाजवळ, ऊन लागतं तिथे, हिरवी लव वाढली. मेअखेरीस बोट वर काढली तेव्हा बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटणारे कवचवाले जीव, फक्त एका ठिकाणी होते: ट्रेलरच्या फळ्या टेकल्या होत्या त्या पट्ट्यांवर. तिथे बोट दोरांवर टांगून घाईत एकच हात देता आला होता. थराची जाडी म्हणजे काय, ते त्या दोन पट्ट्यांनी दाखवलं. मोटरवर बोट हंगामाच्या शेवटीही पाच नॉटच्या आसपास जात होती, सुरुवातीपेक्षा जाणवण्याइतकी कमी नाही.

कुणी जुना, कथिल असलेला "रामबाण" रंग देऊ केला तर हातही लावू नका. ट्रायब्युटिल टिनमुळे फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शिंपलं वेडीवाकडी झाली, नवी पिल्लं धरेनात. फ्रान्सनं 1982 मध्ये लहान बोटींवर तो बंद केला आणि 2008 पासून जगभरच्या करारानं तो बंद आहे. आपल्या खाडीतली कालवं आपणच खातो. रंगात घालायच्या सायब्युट्रिन या शेवाळनाशकावरही 2023 पासून तशीच बंदी आली. आणि तांबंही विषच आहे: जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा, मास्क-हातमोजे घाला, खाली ताडपत्री पसरा आणि तो गाळ खाडीत किंवा नालीत सोडू नका. अंबाझरीसारख्या तलावात ट्रेलरवरून उतरवून संध्याकाळी परत नेणाऱ्या बोटीला तर या रंगाची गरजच नाही.

यंदा बोट नागपूरला आणत नाही. निळा थर बहुतेक ठिकाणी शिल्लक आहे, लाल फक्त सुकाणूच्या धारेवर आणि काठावर दिसतोय. मावसभाऊ तळ धुऊन ठेवेल, सप्टेंबरअखेर मी जाईन, ओल्या कागदानं हलकं घासून एक निळा हात देऊ आणि फळ्या टेकल्या होत्या त्या पट्ट्यांना या वेळी सवडीनं दोन.