लहान मुलांच्या घरासाठी ऑइलपेंट घेताय? चौकातल्या रंगाच्या दुकानाचा रिव्ह्यू

घरात रांगतं पोर असेल आणि ग्रील, दारं रंगवायची असतील तर हा रिव्ह्यू पूर्ण वाचा, जरा लांबलाय. दुकान नाशिकरोडला आमच्या घराजवळचं, नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे आणि काका ओळखीचे आहेत. पाचपैकी चार स्टार.

मला खिडकीच्या ग्रीलसाठी पिवळा ऑइलपेंट हवा होता. मुलगा दीड वर्षाचा, ग्रीलला धरून उभा राहतो आणि दात येतायत म्हणून तीच चावत बसतो, त्यामुळे आधी विचारलं काका यात शिसं किती? ते हसले, म्हणाले ताई असं कुणी विचारत नाही हो, सगळे शेड आणि भाव विचारतात. पण मग चष्मा लावून डबा फिरवला आणि बारीक अक्षरातली ओळ दाखवली, शिसं 90 पीपीएमच्या आत. म्हणजे किलोला जास्तीत जास्त 90 मिलिग्रॅम. ही काही कंपनीची मेहरबानी नाही बरं का, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2016 ला नियम काढला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांना ही मर्यादा सक्तीची झाली, डब्यावर लिहिणं पण सक्तीचं. त्याआधी मानक होतं पण ऐच्छिक, पाळलं तर पाळलं. अमेरिकेने घरच्या रंगांतल्या शिशावर 1978 मध्येच बंदी आणली, आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं आणि रंगासाठी अजून सतरा वर्षं थांबावं लागलं.

पिवळ्याचंच एवढं टेन्शन का, तर पिवळ्या-केशरी शेडमध्ये लेड क्रोमेट नावाचं शिशाचं रंगद्रव्य वापरायचे, चकचकीत दिसतं आणि उन्हात लवकर उडत नाही. हेच लेड क्रोमेट बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून घालत होते, 2019 ला तिथल्या सरकारने धाडी टाकल्या तेव्हा कुठे थांबलं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलं चार-पाचपट जास्त शोषून घेतात, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की एवढं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही. आणि सुरुवातीला मूल आजारी दिसतच नाही, हाच खरा त्रास आहे.

आता दुकानाचं कौतुक. बाजूच्या रॅकवर एक स्वस्त डबा होता, शेड अगदी मला हवी तीच, मी उचलला तर काका म्हणाले तो ठेवा, तो कारखान्यातल्या मशिनला मारायचा आहे, घरात नको. 2017 चा नियम घरगुती रंगांचा आहे, इंडस्ट्रियल रंग त्यात येतच नाहीत आणि दोन्ही डबे एकाच दुकानात शेजारी शेजारी. नियमातलं हे भोक आमच्या काकांनी बुजवलं, पण दुसऱ्या दुकानात काउंटरवरच्या पोराला हे माहीत असेल याची काय गॅरंटी? हा फरक डब्याच्या पुढच्या बाजूला ठळक रंगात पाहिजे, मागे मुंगीएवढ्या अक्षरात नाही.

आणि इथेच एक स्टार कापला. याच दुकानात छोटे सुटे डबे पण मिळतात, मोठ्या ड्रममधून भरलेले, त्यावर ना कंपनी ना तारीख ना पीपीएम. गणपतीच्या आधी मखर, पाट रंगवायला लोक हेच घेऊन जातात. काकांना म्हटलं हे बंद करा, तर म्हणे शंभर मिलीसाठी अख्खा डबा कोण घेणार. बरोबर आहे त्यांचं, पण लेबल नसेल तर नियम असून नसल्यासारखाच.

सगळ्यात कामाचा सल्ला मात्र काकांनीच फुकट दिला. नवा रंग चांगला घेतलात तरी जुना घासताना काय करणार? 2017 च्या आधीचं घर असेल तर खालच्या थरात शिसं असू शकतं आणि सुकं घासलं की ते धूळ होऊन जमिनीवर बसतं, तिथेच बाळ रांगतं. त्यांनी वॉटरपेपर दिला, म्हणाले पाणी मारून घासायला लावा, पोपडे गोळा करून पिशवीत बांधा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तेवढे दिवस बाळाला आजीकडे पाठवा. आमचा पेंटर कुरकुरला, ओलं घासायला वेळ लागतो म्हणून जादा मजुरी मागितली. दिली.

युनिसेफच्या 2020 च्या अहवालात जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिसं काळजीच्या पातळीवर असल्याचं म्हटलंय, साधारण 80 कोटी मुलं. लसीकरणाच्या कार्डासारखी एकदा ही रक्ततपासणी पण सरकारी दवाखान्यात झाली तर किती बरं होईल. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या वस्त्यांतल्या मुलांपासून सुरुवात करा, आमच्या ग्रीलचं नंतर बघू.

बाकी भाव ठीक, लेबलवाला ब्रँडेड डबा थोडा महाग पडतो, घरपोच देतात, बिल मागितलं तरच मिळतं, त्यामुळे मागाच. शेड मशिनवर मिक्स करून हवी असेल तर रविवारी जाऊ नका, फार गर्दी असते.