एसडीए की पलीकडचं लिपिक? सीमाभागातल्या मराठी पोरांनी कुठला फॉर्म भरावा

बारावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली पोरं-पोरी विचारायला येतात. "काका, एसडीएचा अभ्यास करू की पलीकडचं लिपिक बघू?" एसडीए म्हणजे सेकंड डिव्हिजन असिस्टंट, कर्नाटक सरकारातलं कारकुनाचं पद. पलीकडचं म्हणजे महाराष्ट्रातलं. मी 2008 पासून कर्नाटक सरकारच्या एका कचेरीत आहे. एसडीए म्हणून लागलो, आता त्याच्या वरचा एफडीए, म्हणजे फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट आहे. शाळा मराठी माध्यमाची, घरात मराठी, टेबलावर कन्नड. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी दारात उभ्या उभ्या देत नाही, पोराला बसवून घेतो.

आधी इथलं. एसडीएला बारावी म्हणजे पीयूसी पुरते, एफडीएला पदवी लागते, आणि दोन्हीची भरती केपीएससी, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोग करतो. सक्तीची कन्नड परीक्षा 150 गुणांची, त्यात 50 मिळवावेच लागतात, पण ते गुण यादीत धरत नाहीत. खरी चढाओढ पुढच्या दोन पेपरांत, प्रत्येकी 100 गुण. एक सामान्य ज्ञानाचा. दुसऱ्यात सामान्य कन्नड किंवा सामान्य इंग्रजी, यातलं एक निवडता येतं. हे आपल्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. कन्नड भाषेचा पेपर लिहून राज्यभरातल्या मुलांशी टक्कर द्यायची या धास्तीनंच ती माघार घेतात. इंग्रजी बरं असेल तर तो पेपर घ्या, कन्नडात पास होण्यापुरतं आधी पक्कं करा. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, तेवढं भान ठेवा.

परीक्षा पास होण्यापुरतं कन्नड आणि टेबलावरचं कन्नड यात मात्र फार अंतर आहे, आणि या दोन नोकऱ्यांतला खरा फरक मला तिथंच दिसतो. मी लागलो तेव्हा कन्नड बोलत होतो, बसची पाटी वाचत होतो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एका रजेच्या अर्जावर टिप्पणी लिहायला सांगितली. चार ओळींचं काम, पण हात अडला. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर केसवर्कर कन्नडच होते. त्यांनी निकाली निघालेल्या फायलींचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि रोज संध्याकाळी पाच टिप्पण्या उतरवून काढायला लावल्या. तीन महिन्यांत हात बसला.

उतरवताना एक गोष्ट ध्यानात आली, ती प्रत्येक पोराला सांगतो. कचेरीतलं निम्मं कन्नड आपल्याला आधीच येत असतं. अर्ज म्हणजे अर्जी, नक्कल म्हणजे नकलु, हजेरी म्हणजे हाजरी, रजा म्हणजे रजे, तक्रार म्हणजे तकरारु, वारसदार म्हणजे वारसुदार, मंजूर म्हणजे मंजूरु. टिप्पणी आणि आदेश तर जसेच्या तसे. अडतं ते वाक्याच्या शेपटाशी. "मुंदिन क्रमक्कागि सल्लिसिदे" म्हणजे "पुढील कारवाईसाठी सादर". अशी पन्नासेक वाक्यं घोटली की टपाल, स्मरणपत्र, अहवाल सगळं हाताखालून जातं. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टायपिंग मात्र वेगळं शिकावं लागतं.

आणि या कष्टाचं चीज काय होतं तेही सांगतो. एकदा एक आजी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, आणि त्यात घडी करून ठेवलेली नोटीस. "काय म्हणतंय ओ हे कागद?" नवरा वारल्यावर जमिनीवर दिरांची नावं चढवायचा अर्ज पडला होता, त्याची ती नोटीस. आजींचं नाव त्यात नव्हतं. हरकतीची मुदत संपायला चार दिवस राहिले होते आणि आजी तीन आठवडे तो कागद गावात ज्याला त्याला दाखवत फिरल्या होत्या. मी नोटीस मराठीत वाचून दाखवली, हरकतीचा अर्ज कन्नडात कसा लिहायचा ते सांगून लिहून दिला, अंगठा घेतला, आवक नंबर टाकून पोच त्यांच्या हातात दिली. दहा मिनिटांचं काम. खिडकीच्या आत मराठी जाणणारं माणूस नसतं, तर त्यांची जमीन गेली असती. उलट बाजूही तशीच. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. तेव्हाच्या फेरफाराच्या नोंदी मराठीत आहेत, त्याहून जुने कागद मोडीत. असा कागद निघाला की कन्नड सहकारी मलाच हाक मारतात. दोन्ही लिपी येणारा कारकून आमच्याकडे कुणालाही हवा असतो.

एसडीएची नेमणूक मात्र बिदरपासून चामराजनगरपर्यंत कुठंही होऊ शकते. घराजवळ राहायचंच असेल तर ग्राम आडळिताधिकारी, म्हणजे पूर्वीचा व्हिलेज अकाउंटंट, हे पद बघा. त्यालाही पीयूसी, आणि जागा जिल्हावार भरतात. 2024 मध्ये 1000 जागांची परीक्षा केईएनं, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणानं घेतली, कन्नडची 150 पैकी 50 ची अट तिथंही होती. पण हे काम टेबलाचं नव्हे. पहणी म्हणजे इथला सातबारा, पीक पाहणी, मतदार यादी, पुराचे पंचनामे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-घटप्रभेच्या काठची गावं पाण्यात गेली तेव्हा या लोकांनी घर बघितलं नव्हतं. कचेरीतल्यांनाही बेळगावात एक जादा ताण असतो. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं की जिल्ह्यातला बराच कर्मचारी तिकडच्या कामाला जुंपला जातो.

आता पलीकडचं. लिपिक-टंकलेखक पद एमपीएससीच्या गट क परीक्षेतून भरतात. पदवी हवी, म्हणजे बारावीवर हे दार उघडत नाही. मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. एसडीएला अशी अट नाही. पूर्वपरीक्षा 100 गुणांची, मुख्य 400 ची, आणि त्यातला भाषेचा पेपर मराठी-इंग्रजीचा. आपल्या मुलांना हे सोपं वाटतं. पण पुण्या-लातूरच्या अभ्यासिकांत चार-चार वर्षं बसलेली पोरं समोर असतात, आणि आपण दहावीपर्यंत शिकलेला इतिहास-भूगोल कर्नाटकाचा. तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. तलाठी पदालाही पदवीच लागते. तिथं अर्ज जिल्हावार असतो, कोल्हापूर घेतलं तर चंदगड-गडहिंग्लज मिळण्याची आशा असते.

रहिवासाचं काय, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना तिथल्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. 10 जुलै 2008 चा शासन निर्णय त्यासाठी आहे, आणि 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. आपलं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा. सीमाभागात राहतो म्हणजे यादीत आहोतच, असं नसतं. दाखल्याची धावपळ जाहिरात निघाल्यावर करू नका, तेव्हा वेळ पुरत नाही. इथल्या जातीच्या दाखल्यावर तिथं आरक्षण मिळेल असं धरून चालू नका. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या 3ब गटात येतो, त्या दाखल्याचा उपयोग कर्नाटकापुरता. तिकडे खुल्या गटातून लढायची तयारी ठेवूनच अभ्यासाला बसा.

पगाराची तुलना करताना पोरं हमखास फसतात. एसडीएचं मूळ वेतन 34,100 पासून, एफडीएचं 44,425 पासून. महाराष्ट्रातला लिपिक 19,900, तलाठी 25,500. आकडे बघून वाटतं, पलीकडं जाण्यात अर्थच नाही. पण कर्नाटकात सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी ऑगस्ट 2024 ला लागू झाली आणि जुना महागाई भत्ता त्यात मिसळला गेला. महाराष्ट्राची आणि केंद्राची श्रेणी 2016 ची आहे. केंद्राचा भत्ता 1 जुलै 2025 ला 58 टक्के झाला, त्या दरानं धरलं तर 19,900 चे तिथंच 31,442 होतात. इथल्या 34,100 वरही भत्ता मिळतो, म्हणून एसडीए पुढं राहतेच, पण कागदावर दिसतं तेवढी नाही. पेन्शनचं म्हणाल तर कर्नाटकात 1 एप्रिल 2006 पासून लागलेले बहुतेक सगळे एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, मीही त्यातलाच. महाराष्ट्रात तीच रेषा 1 नोव्हेंबर 2005 ची. त्या बाबतीत नव्या माणसाला कुठंही जुनं सुख नाही.

केंद्राचं थोडक्यात. एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीएचएसएल ही कारकुनी पदांची परीक्षा बारावीवर देता येते, पण सर्वसाधारण गटाला 27 व्या वर्षी दार बंद. रेल्वेच्या एनटीपीसी या भरतीत बारावीवर ज्युनियर क्लर्क-टायपिस्ट आहे आणि ती परीक्षा मराठीतून देता येते, हे मोठं आहे. दोन्हीकडे कन्नडची अट नाही. नोकरी मात्र गाव सोडून करावी लागेल असं धरून चाला.

मला विचाराल तर बारावी झालेल्या, घरची शेती बघायला कुणी नाही अशा पोरानं एसडीए आणि ग्राम आडळिताधिकारी या दोन्हीचा अभ्यास धरावा, आणि कन्नड आजपासून लिहावं. नुसतं वाचून भागत नाही. पदवी झालेली, मराठीवर पक्की मांड असलेली आणि 865 च्या यादीत गाव असलेली मुलगी असेल तर तिनं टायपिंगचा क्लास लावून महाराष्ट्राचा फॉर्म जरूर भरावा, पण एफडीएचाही सोडू नये. एकाच परीक्षेवर वर्षं टांगून ठेवू नका. 24 जानेवारी 2021 ची एफडीएची परीक्षा पेपर फुटल्यामुळं आदल्या दिवशी पुढं ढकलली गेली. त्या वेळी ज्यांच्या हातात दुसरा फॉर्म नव्हता, त्या मुलांची घालमेल मी जवळून पाहिली आहे.

कन्नड नको म्हणून पलीकडं निघालेल्या पोराला मी आधी थांबवतो. एखादी जुनी सरकारी नोटीस त्याच्यापुढं ठेवतो, आणि कळतात त्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगतो. परवा एका मुलानं अठरा ओळींच्या नोटिशीत तेवीस रेघा मारल्या. कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "काका, अजून एक द्या की."