एडब्ल्यूएस मुंबई रीजन: मशीन चोख, मीटरवर लक्ष आपणच ठेवायचं

एडब्ल्यूएस म्हणजे अमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा. तिचा मुंबई रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा समूह, जून २०१६ मध्ये दोन अव्हेलेबिलिटी झोनवर (एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर) सुरू झाला. तिसरा झोन २०१९ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबाद रीजन उघडल्यावर बॅकअपची दुसरी प्रतही देशातच ठेवता येऊ लागली. बँका आणि बड्या स्टार्टअपसाठी या सेवेबद्दल भरपूर लिहून झालंय. इथे विचार केलाय तो ५० ते २०० माणसांच्या कंपनीचा: एका एसी खोलीत तीन-चार सर्व्हर, त्यांवर ईआरपी (धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली आणि फाइल शेअर, आणि हार्डवेअरची एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपत आलेली.

मशीन, डिस्क, नेटवर्क यांबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. घोळ होतो तो हिशेबात. विकत घेतलेला सर्व्हर रात्री चालू ठेवा की बंद, खर्चात फारसा फरक पडत नाही. इथे तासावर मीटर पडतो, आणि तो रिक्षाच्या मीटरसारखा डोळ्यांसमोर नसतो.

आधी चांगलं. सर्व्हर जसाच्या तसा हलवायला त्यांचं अ‍ॅप्लिकेशन मायग्रेशन सर्व्हिस हे टूल खरंच उत्तम आहे. प्रत्येक सर्व्हरमागे २,१६० तास, म्हणजे ९० दिवस, ते मोफत मिळतं. मात्र मधल्या काळात लागणारी रेप्लिकेशनची (प्रत बनवणारी) मशीन आणि डिस्क यांचे पैसे लागतात. जुन्या सर्व्हरवर एजंट (प्रत पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायचा, फायरवॉलमधून बाहेर जाणारी ४४३ आणि १५०० ही टीसीपी पोर्ट उघडायची, की डिस्कची प्रत ब्लॉकमागून ब्लॉक वर, म्हणजे क्लाउडमध्ये, जाऊ लागते आणि खाली ऑफिसात काम चालूच राहतं. सिंक शून्य टक्क्यांवर अडकला असेल तर आधी १५०० तपासा. ४४३ सगळीकडे उघडं असतं, १५०० कुणाच्या लक्षात राहत नाही. लाइनचा हिशेबही आधी मांडावा: ४ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या अपलोडवर, पूर्ण वेग मिळाला तरी, ८९ तास घेतो. दिवसा ऑफिसचं इंटरनेट रखडू नये म्हणून टूलमध्येच वेगमर्यादा घालता येते, मग आठवडा धरून चाला.

टेस्ट लाँच, म्हणजे नव्या मशीनची चाचणी, न करता थेट कटओव्हर (काम नव्या सर्व्हरवर हलवणं) करू नका. डोमेनचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणा. आणि कटओव्हरनंतर ‘फायनलाइझ’ दाबायला विसरलात तर रेप्लिकेशनचा पसारा मागे तसाच चालू राहतो, बिलासकट.

याच टूलची एक खोड महागात पडते. साइझ निवडायचं काम त्याच्यावर सोपवलं तर ते जुन्या सर्व्हरचे कोर आणि रॅम बघून तेवढंच मशीन उभं करतं. सहा वर्षांपूर्वी ‘पुढे लागेल’ म्हणून घेतलेला १६ कोर, ६४ जीबीचा सर्व्हर दिवसभर आठ टक्क्यांवर चालत असेल, तरी वर तेवढाच मोठा उभा राहतो. म्हणून निदान महिनाभराचा सीपीयू आणि मेमरीचा वापर नोंदवा, आणि त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. उलट टोकही वाईट. टी३.लार्ज हे छोटं मशीन स्वस्त दिसतं, पण त्याचा हक्काचा वापर दर व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) ३० टक्के. कमी वापराच्या वेळी साठलेलं क्रेडिट संपल्यावर ते मंदावत नाही, कारण टी३ मुळात अनलिमिटेड मोडमध्ये येतं. वरच्या वापराला विंडोजवर दर व्हीसीपीयू-तास ०.०९६ डॉलर लागतात.

बिल रुपयांत येतं, जीएसटी क्रमांक भरला असेल तर १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं. दर मात्र डॉलरमध्ये, त्यामुळे बजेटमध्ये विनिमय दरासाठी थोडी फट ठेवावी. कोटेशनमध्ये न दिसणाऱ्या ओळी ठरलेल्या आहेत. नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर नेणारी वाट) ताशी ०.०५६ डॉलर, म्हणजे काही न करता महिन्याला सुमारे ४१ डॉलर, शिवाय त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला पुन्हा तेवढेच. रात्रीचा बॅकअप याच वाटेने एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेत जात असेल तर पैसे अक्षरशः पाण्यात. एस३ कडे थेट नेणारा गेटवे एंडपॉइंट फुकट आहे, तो लावा. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक (इंटरनेटवरून दिसणाऱ्या) आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर पडतात. जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्क नव्या जीपी३ वर नेल्या तर दर जीबी सुमारे २० टक्के वाचतात, मशीन बंदही करावं लागत नाही.

टेस्टिंगचा सर्व्हर रोज दहा तास, महिन्यात २६ दिवस चालवला तर ७३० ऐवजी २६० तासांचं भाडं. डिस्कचे पैसे बंद काळातही लागतात. ठरल्या वेळी मशीन चालू-बंद करणाऱ्या इव्हेंटब्रिजच्या साध्या रूलमधली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असते: रात्री आठला बंद करायचं तर १४:३० लिहा. आरडीएस या तयार डेटाबेस सेवेतला डेटाबेस बंद ठेवला तर सात दिवसांनी आपोआप चालू होतो, हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. आणि एडब्ल्यूएस बजेट्स मर्यादा ओलांडल्याचा मेल पाठवतं, वापर आपणहून थांबवत नाही.

टॅलीचं वेगळंच. डेटा क्लाउडवर आणि टॅली ऑफिसच्या पीसीवर, ही मांडणी चालत नाही. फाइलमधलं एकेक लहान वाचन इंटरनेटवरून होतं आणि लेजर उघडायला वेळ लागतो. दोन्ही एकाच मशीनवर ठेवून रिमोट डेस्कटॉपने जोडावं. विंडोज सर्व्हरमध्ये अ‍ॅडमिनची दोनच सत्रं मिळतात, तिसऱ्या अकाउंटंटपासून लायसन्सचा खर्च धरा. यूएसबी डोंगलवर (लायसन्सची किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) चालणारं सॉफ्टवेअर, हजेरीचं बायोमेट्रिक आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांची यादी सर्वांत आधी करावी. डोंगलवाल्या सॉफ्टवेअरला एक छोटा सर्व्हर खालीच ठेवणं शहाणपणाचं.

कटओव्हरच्या दुसऱ्या दिवशी हमखास दोन फोन येतात. पहिला, ईआरपीतून इन्व्हॉइसचे मेल जात नाहीत: ईसी२, म्हणजे एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या मशीनवरून, बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळात बंद असतं, ५८७ वर जा. दुसरा, बँकेची पेमेंट फाइल जात नाही: बँकेकडे जुन्या ऑफिसचा आयपी नोंदवलेला असतो. नवा इलास्टिक (न बदलणारा) आयपी आधीच घेऊन बँकेला कळवा. बदल व्हायला तिथे किती दिवस लागतील ते बँकेच्या हातात.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. खात्यातल्या हालचाली नोंदवणाऱ्या क्लाउडट्रेलचा तयार इतिहास ९० दिवसांचाच, त्यामुळे वेगळा ट्रेल बनवून एस३ मध्ये साठवणं पहिल्याच दिवशी करा. रूट (मुख्य) अकाउंटला एमएफए, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी, लावा, आणि त्याचा ईमेल सोडून गेलेल्या आयटीवाल्याच्या नावावर नको. मोफत बेसिक सपोर्टमध्ये तांत्रिक मदत मिळत नाही.

एक अपवाद. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्ससह (मायक्रोसॉफ्टचा पुरवणी करार) विंडोज सर्व्हरची लायसन्स आधीच घेतलेली असतील, तर ती एडब्ल्यूएसच्या नेहमीच्या शेअर्ड (इतर ग्राहकांसोबत वाटून घेतलेल्या) मशीनवर वापरता येत नाहीत. ताशी दरात विंडोजचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर ती चालतात, आणि त्यांचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे. अशा वेळी सही करण्याआधी तिथलं कोटेशनही मागवा.