खग्रास टिपण्यासाठी बाडरची सोलर फिल्म: साध्या कॅमेऱ्यावर कशी चालली?

ग्रहणाचे फोटो काढायला मोठी दुर्बीण लागते, असं आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना वाटतं. माझ्याकडे जुना क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, ५५-२५० मिलिमीटरची लेन्स आणि नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेला हलका ट्रायपॉड आहे. त्यात भर घातली ती बाडर अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्मच्या, म्हणजे लेन्सपुढे लावून सूर्याचा प्रकाश अडवणाऱ्या फिल्मच्या, एका ए-४ शीटची. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण मुलीकडे अमेरिकेत इंडियानापोलिसला याच सामानावर टिपलं, आणि फिल्मवर मी बेहद्द खूश आहे.

घेताना घनता, म्हणजे फिल्म किती प्रकाश अडवते तो आकडा, नीट बघा. ५.० ची फिल्म सूर्यप्रकाशाचा फक्त एक लाखावा भाग आत सोडते. ३.८ ची त्याच्या जवळजवळ सोळापट सोडते. ती निव्वळ कॅमेऱ्यासाठी, तिच्यातून डोळ्यांनी बघायचं नाही. मला व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची सवय, म्हणून ५.० घेतली. ग्रहण आलं की घरोघरी जुने एक्स-रे बाहेर निघतात. कृपा करून ते वापरू नका.

फिल्म हाताला वर्खासारखी पातळ लागते आणि तिला सुरकुत्या असतात. त्या तशाच राहू द्या. ताणून बसवली तर चित्र बिघडतं. एफ/८, आयएसओ १०० आणि १/१००० सेकंद शटरला सूर्याची स्वच्छ पांढरी चकती मिळते, मोठे डागही दिसतात. नारिंगी सूर्य हवा असेल तर ही फिल्म तुमच्यासाठी नाही.

खरी मेहनत झाकणाची. पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये फिल्म धरून लेन्सवर सरकेल अशी नळी केली. नागपूरच्या उन्हात गच्चीवर डबल टेप मऊ पडून कड्या सुटायला लागतात, तेव्हा त्या चक्क दोऱ्याने शिवा. नळी वाऱ्याने उडू नये इतकी घट्ट हवी, पण काढताना फोकस हलता कामा नये. मी मॅन्युअल फोकस करून रिंगवर टेप मारला होता. माझ्या मते फिल्मइतकंच महत्त्व या झाकणाला आहे, कारण खग्रास लागताना, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाताना, ते एका हाताने, एका झटक्यात निघावं लागतं.

तिथे खग्रास होतं जेमतेम पावणेचार मिनिटं. जावई मोठ्यांदा वेळ सांगत होते. झाकण काढलं, नजर मागच्या स्क्रीनवर ठेवली आणि हिऱ्याची अंगठी, म्हणजे सूर्य झाकला जाताना कडेला चमकणारा शेवटचा ठिपका, १/२००० ला मिळाली. खालच्या कडेची गुलाबी ज्वाला तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होती! मग शटर उतरवत पाव सेकंदापर्यंत आलो, तसा करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, पसरत गेला. २५० मिलिमीटरवर सूर्यबिंब सेन्सरवर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास पडतं. हे लहान वाटतं, पण करोनाला चारी बाजूंनी जागा हवीच असते. प्रकाश परतताच झाकण पुन्हा वर.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून मोठं खग्रास आहे. तिथला ऑगस्ट म्हणजे जवळपास आपला मे महिना, तेव्हा झाकण आधी आपल्या गच्चीवर भर दुपारी तपासा. प्रत्येक वेळी फिल्म उजेडासमोर धरून बारीक छिद्रं बघा. एक जरी दिसलं तरी तो तुकडा फेकून द्या. एका शीटमधून अशी दोन-तीन झाकणं आरामात निघतात.