आठ महिने, तीन ब्राउझर, एकच स्टाइलशीट

एका जुन्या साइटची सीएसएस (वेबपानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा) नव्याने लिहायचं काम हाती आलं, तेव्हापासून रोज तेच पान क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत उघडून बघतोय. आठ महिने झाले. वाटलं होतं, यातला एक कोणता तरी सरस ठरेल. तसं काही झालं नाही.

सबग्रिडचंच घ्या. ग्रिड म्हणजे पानाची आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी, आणि सबग्रिड म्हणजे आतल्या घटकांनाही बाहेरच्या ग्रिडच्याच रेषांवर बसवायची सोय. शेजारशेजारच्या कार्डांपैकी एकाचं शीर्षक एका ओळीत मावतं, दुसऱ्याचं तीन ओळी घेतं, आणि खालची बटणं वरखाली होतात. यासाठी मी इतकी वर्षं उंची मोजणारी स्क्रिप्ट लावायचो. सबग्रिडने ते दोन-तीन ओळींत सुटलं, इतका आनंद झाला! पण ही सोय फायरफॉक्सने 2019 मध्येच दिली होती, सफारीने 2022 मध्ये, क्रोमने थेट सप्टेंबर 2023 मध्ये. ‘हॅज’ सिलेक्टरचं (आत काय आहे ते बघून बाहेरचा घटक निवडायची सोय) नेमकं उलटं: सफारीत मार्च 2022, फायरफॉक्समध्ये डिसेंबर 2023. मूळ ग्रिड मात्र तिघांनीही मार्च 2017 मध्ये, एकाच महिन्यात आणलं होतं. म्हणजे ठरवलं तर जमतं.

सगळ्यात जास्त छळलं ते घटकांमधलं अंतर ठरवणाऱ्या ‘गॅप’ने. एका जुन्या फोनवर मेनूतले शब्द एकमेकांना चिकटलेले दिसले. मी पर्यायी मार्जिन (घटकाभोवतीची मोकळी जागा) दिली होती, आणि गॅप कळत असेल तरच ती शून्य व्हावी अशी ‘सपोर्ट्स’ची अट घातली होती, तरीही. दोन दिवस डोकं खपवल्यावर उलगडा झाला. त्या ब्राउझरला गॅप ग्रिडमध्ये कळत होतं, फ्लेक्सबॉक्समध्ये (घटक एका रांगेत मांडायची पद्धत, माझा मेनू त्यातच होता) नाही. ‘सपोर्ट्स’ फक्त एवढंच तपासतं की ही प्रॉपर्टी आणि ही व्हॅल्यू ओळखीची आहे का. कुठल्या लेआउटमध्ये चालते, ते नाही. उत्तर ‘हो’ आलं आणि माझी मार्जिन शून्य झाली.

मोबाइलवर ‘शंभर व्हीएच’ (स्क्रीनभर उंची) दिलेलं अ‍ॅड्रेस बारखाली जायचं, ते बार दिसतो-लपतो तशी उंची बदलणाऱ्या ‘डीव्हीएच’ने मिटलं.

आयफोनवर सफारी आयओएसच्या अपडेटसोबतच बदलते, त्यामुळे अपडेट थांबलेला फोन तिथेच अडकतो. चाचणीसाठी असा एक फोन जवळ ठेवाच.

रोजच्या कामाला मी फायरफॉक्स धरलाय. एखादी ओळ लागू का होत नाही, याचं कारण त्याचा इन्स्पेक्टर (पानाची सीएसएस उघडून दाखवणारं साधन) त्या ओळीशेजारीच सांगतो, आणि तेवढ्याने माझे कित्येक तास वाचलेत.

उंची मोजणारी स्क्रिप्ट गेल्या महिन्यात काढून टाकली. मेनूतली मार्जिन अजून ठेवलीये.