तीनशे रुपये भाव ग्रॅमचा निघाला

नवऱ्याशी बोलून, त्याच्या संमतीने हे लिहिते आहे. ज्या घरात मूल होत नाही आणि ज्या घरात या विषयावर बोलायची सोय नाही, त्या घरांसाठी.

लग्नानंतर काही वर्षं गेली तेव्हा आमच्याकडे तपासण्या सुरू झाल्या, त्या सगळ्या माझ्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी नवऱ्याची वीर्यतपासणीही लिहून दिली होती. सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय धाड भरलीय?" आणि ती चिठ्ठी फाइलमध्येच राहिली. फसवणारे नेमक्या अशा घरांच्या शोधात असतात.

पुण्यातल्या त्या हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ नवऱ्याशी बोलायला लागले. नीटनेटके कपडे, हातात आमच्यासारखीच फाइल. "दादा, आम्हीही आठ वर्षं हेच करत होतो. शेवटी एका वैद्यांनी गुण दिला, आता मुलगा बालवाडीत आहे." मोबाइलवर मुलाचा फोटो दाखवला, स्वतःच्या गाडीवर बसवून दुकानापर्यंत नेलं. हा माणूस दुकानाचाच असतो. नंतर अशा बऱ्याच हकिकती कानावर आल्या. कुठे तो पेट्रोल पंपावर भेटतो, कुठे मॉलमध्ये. कुठे निमित्त गुडघेदुखीचं असतं, कुठे मूल नसल्याचं.

वैद्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि प्रश्न विचारले ते लहानपणच्या सवयी, स्वप्नदोष आणि अंथरुणातल्या गोष्टींचे. "धातू पातळ झालाय, नसा कमजोर आहेत." तपासणी एकही सांगितली नाही. चिठ्ठीवर औषधांची नावं, कुठल्याच नावापुढे किंमत नाही. काउंटरवरच्या मुलाने आधी मुळ्या आणि चूर्णं काढली, शंभर-दोनशे रुपयांची. मग एका डबीतलं करडं भस्म वजन करून त्यात ओतलं आणि मिक्सर फिरवला. भाव आधी विचारला होता, "तीनशे" एवढंच उत्तर आलं होतं. तोळ्याचा असेल असं कुणालाही वाटेल. निघाला ग्रॅमचा, आणि भस्म होतं 140 ग्रॅम. बेचाळीस हजार नुसते त्याचे. "आता मिसळलंय, परत घेता येत नाही," म्हणेपर्यंत दोन दणकट माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती.

पैसे यूपीआयने घेतले, तेही कुणा माणसाच्या खात्यावर. पावती म्हणजे कोऱ्या कागदावर आकडा. पुड्यावर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटक नाहीत. पुढे "कोर्स अर्धवट सोडला तर औषध उलटेल" अशी भीती घालून आणखी काढले. सगळे मिळून लाखाच्या वर गेले.

पैशांपेक्षा मला जे जास्त लागलं ते पुढे आहे. नवऱ्याच्या पोटात कळा यायला लागल्या, शौचाला होईना, चेहरा पांढरा पडला. फॅमिली डॉक्टरांनी पुडा बघताच रक्तातल्या शिशाची तपासणी करायला लावली. शिसं वाढलेलं होतं. शिसं शुक्राणूंनाही घातक असतं, म्हणजे ज्या कारणासाठी औषध घेतलं त्यालाच ते मारक. अशा "जोम" वाढवणाऱ्या कॅप्सूलमध्ये कधी कधी न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घातलेलं सापडतं. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचा रक्तदाब त्याने धोकादायक रीतीने कोसळू शकतो.

शेवटी मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर! संबंध व्यवस्थित होणं आणि मूल होण्याइतके शुक्राणू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यांनी त्या मुद्दाम एक करून टाकल्या होत्या, कारण लाज त्या गोंधळातच असते. वीर्यतपासणी साधी आहे, बऱ्याच लॅबमध्ये काहीशे रुपयांत होते: दोन ते सात दिवस संबंध नाही, नमुना तासाभरात लॅबमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलीटरला 1.6 कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात, हालचाल करणारे 42 टक्के. नवऱ्याचे होते साठ लाख. डॉक्टरांनी उभं करून हाताने तपासलं आणि डाव्या वृषणाच्या फुगलेल्या शिरा सापडल्या. व्हेरिकोसील. मूल न होणाऱ्या पुरुषांत हे सर्रास आढळतं आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. नाडी बघून ते कळलं नसतं.

त्यांनी जिममधल्या इंजेक्शनांबद्दलही खोदून विचारलं. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. ताकदीसाठी ते घेणाऱ्या तरुणांना हे कुणी सांगत नाही. तंबाखू, वाढलेलं वजन, साखर यांचीही चौकशी झाली. आणि शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे "पंधरा दिवसांत गॅरंटी" म्हणणारा माणूस खोटंच बोलतो.

आयुर्वेदावर माझा राग नाही, माझी मावसबहीण स्वतः बीएएमएस आहे. तिने सांगितलं तेच इतरांना सांगते: वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आहे का ते विचारा, औषध सीलबंद आणि परवाना क्रमांकाचं घ्या, वजन करण्याआधी भाव कागदावर लिहून घ्या. स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर "मर्दाना ताकद" लिहिणाऱ्यांना तर 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने अशी जाहिरात करायलाच बंदी आहे.

तक्रार करायला गेलो तेव्हा दुकानावर दुसरीच पाटी होती. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा; आम्ही केला तेव्हा त्या खात्यातले पैसे पुढे निघून गेले होते. पोलिसांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. सोबत चिठ्ठी, व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि उरलेलं चूर्ण दिलं. तुमच्याकडे असा पुडा पडून असेल तर रागाने फेकून देऊ नका, तपासणीला तोच लागतो.